आक्कासाहेबांच्या घड्याळात

तुम्ही दोघींनी तिकडच्या राजवाड्यातल्या घड्याळांच्या संग्रहालयाचे फोटो पाठवलेत, ते मी भिंग घेऊन नीट पाहिले. सोनेरी मुलाम्याची घड्याळं, काचेची कपाटं, पुढे मखमली दोरी, आणि तुमच्या कानाला ते यंत्र, ज्यातून एक बाई प्रत्येक घड्याळाची माहिती सांगते. धाकटीने लिहिलं आहे की कंटाळा आला की बटण दाबून त्या बाईला गप्प करता येतं. ते वाचून मला हसू आलं. मीही राजवाड्यातलं एक घड्याळांचं संग्रहालय पाहिलेलं आहे. तिथेही माहिती सांगणारी बाई होती. तिला बटण नव्हतं.

त्या आक्कासाहेब. देवटाकळीच्या जहागीरदारांच्या विधवा.

देवटाकळी म्हणजे घनसावंगीकडून कुंभार पिंपळगावला जाताना आत वळलं की लागणारं गाव. जालना तेव्हा जिल्हा नव्हता, सगळा कारभार औरंगाबादहून चाले. निजामावरची पोलिस ॲक्शन होऊन गेली होती, जहागिरी खालसा झाल्या होत्या, आणि तुमच्या आजोबांची तिथल्या सरकारी दवाखान्यावर नेमणूक झाली. दवाखाना म्हणजे पत्र्याच्या दोन खोल्या. एकीत औषधं, दुसरीत डॉक्टर. रोगी बाहेर लिंबाखाली. त्या लिंबासमोर जहागीरदारांचा महाल होता: दगडी चौथरा, नक्षीच्या कमानी, वर रंगीत काचांच्या खिडक्या, आणि आत एवढा मोठा दिवाणखाना की त्यात आमचा दवाखाना पत्र्यासकट मावला असता.

हे वरच्या कचेरीलाही सुचलं. दिवाणखाना दवाखान्यासाठी द्यावा, योग्य तो मोबदला मिळेल, असा निरोप आला. आक्कासाहेबांनी आपले कारभारी देवराव यांना बोलावलं. देवराव वयस्कर, वाकलेले, आणि मालकिणीच्या प्रत्येक वाक्याला मान डोलावण्यात आयुष्य गेलेले.

"देवराव, हे नवं सरकार काय काय घेत न्हाई?"

"देऊळ घेत न्हाई, आक्कासाहेब. मशीद घेत न्हाई. कबरस्तान घेत न्हाई."

"आन अजायबखाना?"

देवरावांनी मान डोलावली. हैदराबादला त्यांनी अजायबखाना, म्हणजे संग्रहालय, पाहिला होता. तिथे सरकार जागा घेत नाही, उलट पदरचा खर्च करतं, हे त्यांना आठवत होतं. आठवड्याच्या आत महालाच्या दारावर पाटी लागली. बैलगाड्या रंगवणाऱ्याने ती रंगवली होती, म्हणून दोन्ही बाजूंना मोर होते आणि मधे लिहिलं होतं: घड्याळांचा अजायबखाना.

घड्याळं मात्र खरी होती. आक्कासाहेबांच्या यजमानांना, कैलासवासी राजेसाहेबांना, घड्याळं घेण्याचा नाद होता. हैदराबादेत कुणा नवाबाचं सामान लिलावात निघालं की हे हजर. विलायती, जर्मन, फ्रान्सची. उभी, बसकी, भिंतीवरची. एकात कोंबडा बाहेर येई, एकात शिपाई. इतकी घड्याळं बाळगून राजेसाहेब आयुष्यात कुठेही वेळेवर पोचले नाहीत. स्वतःच्या लग्नाचा मुहूर्त त्यांनी चुकवला होता, आणि हे आक्कासाहेब अभिमानाने सांगत. "घाई हा नोकराचा रोग हाय," हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

मी पहिल्यांदा गेले ती रीतसर, डॉक्टरीणबाई म्हणून. कॉलेजात इंग्रजी शिकलेली, हातात मनगटी घड्याळ, आणि ते सगळ्यांना दिसावं अशा बेताने बाही वर केलेली. दारात देवरावांनी चपला काढायला सांगितलं, पायांवर पाणी घातलं, आणि चांदीचं तबक पुढे केलं.

"हे कशाला?"

"हातातलं घड्याळ ठेवा, बाई. आत न्यायचं न्हाई."

मला वाटलं चोरीची भीती असेल. आतून आक्कासाहेबांचा आवाज आला, "आमच्या घड्याळांसमोर दुसरं घड्याळ घालून येऊ न्हाई, डॉक्टरीणबाई. त्यांना कमी लेखल्यागत होतं. तुम्ही कोणाच्या घरी जेवाया जाताना डबा बांधून नेता का?"

मी घड्याळ तबकात ठेवलं आणि आत गेले. त्या बुटक्या, गोऱ्या, तोंडात सुपारीचं खांड धरलेल्या. अंगावर साधं पांढरं लुगडं, पण चालणं असं की मागून अजून भालदार येत आहेत. हातात मोरपिसांचा कुंचा. त्या कुंच्याने एकेका घड्याळाकडे बोट दाखवावं तसं दाखवत त्या ओळख करून देत. ती माहिती नव्हती, ते स्थळं सांगणं होतं.

"हे विलायती. मोठ्या घरचं, पण खाष्ट. टोला देतं तर शेजारचं दचकतं. हे जर्मन. कामाला वाघ, रूपाला माती. आन ही फ्रान्सची. नाजूक. हिला नवाबाच्या घरून आणली तवा आठ दिवस बोलली न्हाई. मंग मी रोज समोर बसून सुपारी कातरायची, तवा रुळली."

प्रत्येक घड्याळ वेगळी वेळ दाखवत होतं. एकात सकाळ, एकात दुपार, एकात दिवेलागण. मी विचारलं की यातलं बरोबर कोणतं?

आक्कासाहेब थांबल्या. मी घरातल्या कुणाची जात विचारली असावी असं त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"सगळी बराबर हायेत. हे पूजेचं. हे दूध तापवायचं. हे देवरावांना रागवायचं. एकाच घड्याळाचं ऐकाया मी काय मोटारस्टँडवर उभी हाय?"

गावची शाळा एकदा तिथे सहलीला आली. मास्तरांनी शिकवण्याची संधी साधून मुलांना विचारलं, किती वाजले? ज्याच्या समोर जे घड्याळ होतं ते त्याने वाचलं, आणि वर्गाने एका दमात सगळा दिवस सांगून टाकला. मास्तरांनी पहिल्या रांगेतल्या पोराचा कान धरला. आक्कासाहेबांनी कुंच्याने तो हात बाजूला केला. "मास्तर, पोरगं बराबर वाचून राह्यलं. तुम्हालाच ठरवता येत न्हाई का कुठं उभं राहावं?" त्यानंतर मास्तरांनी मुलांना देवटाकळीच्या महालात नेलं नाही. ते त्यांना थेट वेरूळला नेऊ लागले. तिथे काही हलत नाही.

इथपर्यंत तुम्ही हसत असाल. मीही हसत असे. एका पावसाळ्यात ते हसू जरा अडकलं.

केदारखेड्याला दिलेली एक मुलगी माहेरी देवटाकळीला बाळंतपणाला आली होती. अडली म्हणून तिला गाडीतून दवाखान्यात आणलं. पत्रे गळत होते; औषधांच्या खोलीतसुद्धा घोटाभर पाणी. तुमच्या आजोबांनी गाडी महालाच्या कमानीखाली घ्यायला लावली आणि गाडीतच, मेणकापड धरून, तिची सुटका केली. मी कंदील धरला होता. कमानीच्या आत, बंद दाराआड, घड्याळं आपापले टोले देत होती. ती कोरड्यात होती.

आक्कासाहेबांनी काय केलं नाही म्हणून विचाराल? सगळं केलं. गरम पाण्याची घागर पाठवली, स्वतःच्या अंगावरची गोधडी पाठवली, वाटीभर तूप, खारका, डिंक. वरच्या खिडकीत रात्रभर दिवा लावून बसल्या. फक्त दार उघडलं नाही. सकाळी मी तडक वर गेले आणि माझ्या चांगल्या शुद्ध मराठीत विचारलं, दिवाणखाना उघडला असता तर काय बिघडलं असतं?

त्या मुळीच रागावल्या नाहीत. "डॉक्टरीणबाई, एकदा बाज आत आली की ती बाहेर जात न्हाई. आज अडलेली आली, उद्या तापाची, परवा तुमचं टेबल. आन माझं काय राह्यलं मंग? जमिनी गेल्या. सावत्र पोरगा मोटार घेऊन हैदराबादला गेल्ता, तो तिकडचाच झाला. ह्या खोलीत उभी राह्यली तर मी आक्कासाहेब. खोलीच्या बाहेर मी कोण्या मेलेल्या माणसाची बायको."

एवढं बोलून त्यांनी मला तूप कमी पडलं का ते विचारलं.

त्या बाळंतपणाचा बोभाटा वरपर्यंत गेला. डिप्टी कलेक्टर साहेब स्वतः येऊन पाहणी करतील असं कळलं. अजायबखाना चालता असला तर तो राहील. नावापुरता असला तर दिवाणखाना दवाखान्याकडे जाईल. एवढं सरळ होतं. देवरावांनी घड्याळांना तेल घातलं, काचा पुसल्या. आक्कासाहेबांनी मला निरोप पाठवला, साहेब इंग्रजीत बोलला तर तुम्ही हजर राहा. ज्या दवाखान्याला ती जागा हवी होती त्याच्या डॉक्टरच्या बायकोला त्यांनी स्वतःची वकील नेमलं होतं, आणि यात काही विचित्र आहे असं त्यांना वाटलं नाही. मी नोकर माणसांपैकी. हाक मारली की यायचं.

साहेबांना दसऱ्याला घरी पोचायचं होतं, म्हणून ते आदल्या दिवशी आले. आदल्या दिवशी खंडेनवमी. तुम्हाला ठाऊक नसेल म्हणून सांगते: त्या दिवशी प्रत्येकाने आपलं हत्यार धुऊन पुसून त्याची पूजा करायची आणि दिवसभर त्याला हात लावायचा नाही. कुंभाराचं चाक थांबतं, सुताराचा रंधा भिंतीला टेकतो. आमच्या कंपाउंडरने तुमच्या आजोबांच्या स्टेथोस्कोपला हळदकुंकू वाहिलं होतं आणि आजोबा त्या दिवशी रोग्यांच्या छातीला नुसता कान लावत होते.

मी महालात पोचले तर देवराव दारात डोक्याला हात लावून बसलेले. आत शांतता. एकही घड्याळ चालत नव्हतं. सगळ्यांना झेंडूच्या माळा, सगळ्यांच्या काचेवर हळदकुंकवाची बोटं. ती बोटंही देवरावांची. विधवेच्या हातचं कुंकू घड्याळाला चालत नाही, असं शास्त्र आक्कासाहेबांनी स्वतःच सांगितलं होतं आणि स्वतःच पाळलं होतं.

"सांगा तुम्ही तरी," देवराव म्हणाले. "आजच्या दिवस चालू द्या म्हणावं. देव काय बघायला येतो?"

"देव न्हाई येत," आतून उत्तर आलं. "म्हणूनच आपल्याला बघावं लागतं. वर्षभर राबत्यात बिचारी. एक दिवस सुट्टी, ती बी डिप्टी आला म्हणून काढून घेऊ?"

डिप्टी साहेब तरुण होते, सुटातले, नाकावर घाम. तबकात घड्याळ ठेवताना त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की या बाईंचं डोकं ठिकाणावर आहे ना. मी इंग्रजीत हवामानाबद्दल बोलले. आत आल्यावर आक्कासाहेबांनी कुंचा उचलला आणि खाष्ट विलायतीपासून सुरुवात केली. साहेबांनी मधेच विचारलं, "बाईसाहेब, ही चालतात का?"

"चालतात की."

"मग चालू करून दाखवा."

"उद्या. सोनं लुटून आलं की किल्ली देते. उद्या या."

"उद्या मी नाही."

"मंग तुमचं नशीब," आक्कासाहेब म्हणाल्या, आणि त्यांच्या आवाजात खरोखरच कीव होती.

साहेब समजुतीने बोलू लागले. एक घड्याळ चालवा, कोणतंही एक, मी तेवढंच पाहीन आणि चालतं आहे म्हणून लिहीन. देवरावांनी हात जोडले. मीसुद्धा, कशी कोण जाणे, मनातल्या मनात म्हणाले की द्या एकदाची किल्ली. तेवढ्यात कुठून तरी टिकटिक ऐकू आली.

साहेबांनी मान वळवली. कोपऱ्यात एक जाड पडदा होता. तो त्यांनी बाजूला केला. मागे कोनाडा, कोनाड्यात एक सुबक निळं घड्याळ, आणि त्याचं तोंड भिंतीकडे. माळ नाही, हळदकुंकू नाही, आणि चांगलं ठणठणीत चालत होतं. इतक्या महिन्यांत या पडद्याकडे कुंचा कधी वळला नव्हता.

"हे चालतंय की," साहेब आनंदाने म्हणाले.

"ते आमचं न्हाई."

"मग कुणाचं?"

देवराव छताकडे पाहू लागले. आक्कासाहेबांनी सुपारी एका गालातून दुसऱ्या गालात नेली. "हैदराबादला एक बाई होती. राजेसाहेबांचा मुक्काम तिकडं असायचा. ते गेले तवा त्यांच्या पेटीबरोबर हे आलं."

"पण मग आज हे का चालू?"

"त्याची पूजा मी का करू? पूजा न्हाई, त्याला सुट्टी बी न्हाई. राबू द्या मेल्याला."

साहेबांना हसू आवरेना. ते म्हणाले, "पण बाईसाहेब, याला रोज किल्ली कोण देतं?"

"मीच."

"तुम्ही?"

"बंद पडलं तर लोक म्हंतील, मत्सरानं मारलं."

साहेब म्हणाले, ठीक आहे, हे तर हे. अजायबखान्यात एक घड्याळ चालू आहे असं मी लिहितो. देवरावांचा जीव भांड्यात पडला. तुमच्या आजोबांचा दवाखाना पत्र्याखालीच राहणार होता, आणि आक्कासाहेबांचा दिवाणखाना वाचत होता, त्या निळ्या घड्याळाच्या जिवावर.

आक्कासाहेबांनी कुंचा खाली ठेवला.

"लिहू नका."

"बाईसाहेब, विचार करा."

"केला. तिच्या पुण्याईनं माझी खोली राह्यली, असं मला ऐकायचं न्हाई. लिहा, बंद हाय."

साहेबांनी दारात आपलं घड्याळ उचललं, मनगटाला बांधलं आणि गेले. मी म्हणेन, एवढा मूर्खपणा मी आयुष्यात पाहिला नाही. त्यांनी एका दिवसाची सुट्टी पाळली आणि एका मेलेल्या सवतीशी भांडण चालू ठेवलं. त्यापायी हातची जागा घालवली. देवराव त्या दिवशी पहिल्यांदा मान न डोलावता घरी गेले.

दिवाळीनंतर दवाखाना दिवाणखान्यात आला. आक्कासाहेबांनी दोन अटी घातल्या आणि तुमच्या आजोबांनी दोन्ही मान्य केल्या: घड्याळं भिंतीवरून हलायची नाहीत, आणि किल्ली त्यांच्याच हातची. त्यामुळे रोज सकाळी, डॉक्टरांच्या आधी, आक्कासाहेबांची फेरी होई. फिनाइलच्या वासाने स्प्रिंगा ढिल्या पडतात अशी त्यांची तक्रार असे. टायफॉइडच्या खाटांवर ते खाष्ट विलायती होतं. त्याच्या टोल्यांनी रोगी झोपेनात, म्हणून आजोबांनी एक दिवस त्याच्या घंटेला कापूस लावून पट्टी बांधली. आक्कासाहेबांनी पट्टी निरखून पाहिली. "डॉक्टर, हे बरं कवा होईल?" आजोबा म्हणाले, "टायफॉइड उतरल्यावर." त्यांनी ते मान्य केलं आणि रोज त्या घड्याळाला, इतर रोग्यांसारखंच, कसं काय वाटतं ते विचारू लागल्या.

रोगी त्यांना घाबरत, पण त्यांची वाटही पाहत. त्या कुणाचं औषध विचारत नसत. खाट कोणत्या घड्याळाखाली आहे ते पाहून स्वभाव सांगत. "तू जर्मनखाली हायेस, उठशील. कामं पडलीत तुझी."

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते आमची बदली झाली त्या सकाळी. सामान गाडीत चढवून मी निरोप घ्यायला गेले. फ्रान्सच्या घड्याळाखालच्या खाटेवर एक मुलगी नुकतीच बाळंत झाली होती. तिला मुलगी झाली होती. दाराबाहेर तिची सासू आणि गावचे जोशीबुवा उभे. बुवांनी पंचांग पाहून सांगून ठेवलं होतं की नऊपर्यंत मूळ नक्षत्र आहे. मुळावर पोर झाली तर ती बापाला खाते, असा समज. सासूने आधीच बजावलं होतं, तसं झालं तर मायलेकी इथूनच माहेरी जातील. फ्रान्सच्या घड्याळात साडेआठ होत होते. खाटेवरची मुलगी त्याच्याकडे एकटक पाहत होती. तिला घड्याळ वाचता येत नसावं, पण पाहत होती.

आक्कासाहेबांनी स्टूल ओढलं. त्या वयात, एका हाताने लुगडं सावरत, त्या त्यावर चढल्या. काच उघडली, आणि बोटाने काटा पुढे ढकलू लागल्या, हळूच, नऊच्या पलीकडे, साडेनऊपर्यंत. काच लावली. मी तिथे उभी आहे हे त्यांनी पाहिलं आणि एखाद्या नोकराने पाहिलं असतं तर दिलं असतं तेवढंच महत्त्व त्याला दिलं.

"बुवा, या आत. बघा किती वाजले. पोर आत्ताच झाली."

जोशीबुवांनी घड्याळाकडे पाहिलं. मग स्टुलावरच्या आक्कासाहेबांकडे पाहिलं. मग बोटं मोजल्यासारखी केली आणि म्हणाले, "मूळ गेलं. पूर्वाषाढा."

सासू मात्र पक्की होती. "आक्कासाहेब, ह्ये घड्याळ बराबर हाय न्हवं?"

"बिलकुल. फ्रान्सचं हाय. खोटं बोलायचं तर तिला आधी मराठी शिकावं लागंल."

सासूने थोडा विचार केला, आणि पोरीला घ्यायला हात पुढे केले. आक्कासाहेब स्टुलावरून उतरल्या, बोटाला लागलेलं तेल पदराला पुसलं, आणि किल्ली घेऊन पुढच्या खाटेकडे गेल्या.